तांदूळ पेरून उगवत नाही

विद्यार्थी मित्रांनो, दिवाळीच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यात कोठेही जा, सगळीकडे धानच धान दिसते. बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या असतात, खळ्यावर पुंजणे रचलेले असतात आणि राईस मिलच्या फाटकाबाहेर पोती लादलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते. या दिवसांत एक सोपा प्रयोग करून पाहा. दोन वाट्या घ्या. एकीत मूठभर धान आणि दुसरीत मूठभर तांदूळ ठेवा. दोन्हींवर पाणी शिंपडून ओले फडके झाका आणि ते सुकू देऊ नका. तीन-चार दिवसांनी धानाला पांढरे कोंब फुटलेले दिसतील. तांदूळ मात्र फुगेल, आंबेल, पण उगवणार नाही.

असे का होते? तांदळाचा एक दाणा हातावर घेऊन नीट पाहा. त्याच्या एका टोकाला लहानशी खाच दिसेल. धानाच्या दाण्यात त्या जागी रोपाचा गर्भ असतो. मिलमध्ये आधी धानाचे तूस निघते. मग दाणा घासून पांढरा केला जातो, तेव्हा कोंड्याबरोबर हा गर्भही निघून जातो. तांदूळ शिजवून खाता येतो, विकता येतो, साठवता येतो. पण त्यापासून नवे पीक काढता येत नाही. त्यासाठी धानच हवे.

आज मी लिहिणार आहे ते धानाबद्दल नाही, संगणकाबद्दल आहे. पण धान आणि तांदूळ यांच्यातील हा फरक ज्याला नीट समजला, त्याला माझा मुद्दा अर्धा समजलाच म्हणून समजा.

दिवाणजींची वही आणि संगणक

राईस मिलचा हिशेब वाटतो तितका सोपा नसतो. धान येते तेव्हा त्याचे वजन करावे लागते, ओलावा तपासावा लागतो, बारदान्याचे वजन वजा करावे लागते. भरडाई झाली की एकाच मालाचे चार माल होतात : अख्खा तांदूळ, कनकी, कोंडा आणि तूस. प्रत्येकाचा भाव वेगळा, गिऱ्हाईक वेगळे. काही धान मिलमालकाचे स्वतःचे असते, तर काही सरकारने आधारभूत किमतीने विकत घेऊन भरडाईसाठी दिलेले असते. अशा सरकारी धानाच्या १०० किलोंमागे ६७ किलो अरवा तांदूळ किंवा ६८ किलो उकडा तांदूळ परत द्यावा लागतो. म्हणजे एकाच गोदामात शेजारी-शेजारी रचलेल्या दोन थप्प्यांचे हिशेब अगदी निराळे असतात.

पूर्वी हे सारे दिवाणजींच्या लाल वहीत असे. आता बहुतेक ठिकाणी दिवाणजींच्या टेबलावर संगणक आला आहे. संगणक स्वतः काही जाणत नाही, त्याला सूचना द्याव्या लागतात. या सूचनांच्या क्रमवार यादीला आज्ञावली म्हणतात आणि व्यवहारात आपण तिलाच सॉफ्टवेअर म्हणतो. माल किती आला, किती गेला, कोणाचे किती देणे आहे, कर किती लागतो, हे सारे अशी व्यापारी आज्ञावली सांगते.

आता कळीची गोष्ट. आज्ञावली दोन रूपांत असते. माणूस ती लिहितो तेव्हा ती अक्षरांची, आकड्यांची, चिन्हांची असते. जाणकार माणसाला ती वाचता येते, कोठे काय केले आहे ते समजते, चूक सापडली तर दुरुस्तही करता येते. हिला मूळ आज्ञावली किंवा सोर्स कोड म्हणतात. बहुतेक व्यापारी आज्ञावल्यांच्या बाबतीत ही मूळ आज्ञावली कारखान्यातच राहते. तिचे यंत्राला समजेल असे रूपांतर केले जाते आणि तेवढेच गिऱ्हाइकाला विकले जाते. ते शून्य आणि एक यांच्या लांबलचक ओळींचे असते. संगणक ते भराभर पाळतो. माणसाने ते वाचून अर्थ लावायचा म्हटले, तर निष्णात माणसाचाही घाम निघतो.

मूळ आज्ञावली म्हणजे धान, आणि यंत्राच्या रूपातील आज्ञावली म्हणजे तांदूळ. तांदूळ वाईट नाही, पोट त्यानेच भरते. पण पुढच्या हंगामात वेगळे पीक घ्यायचे झाले, तर घरात धान आहे की नाही हा प्रश्न येतोच.

एक ओळ, ३२ किलो

कोणी म्हणेल, "आम्हाला हिशेब मिळाल्याशी कारण! आतल्या ओळी पाहून काय करायचे?" याचे उत्तर एका उदाहरणाने देतो.

सरकारी खरेदीच्या निकषांप्रमाणे धानातील ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के असते. समजा, एका खाजगी मिलने याच आकड्याच्या आधारे आपला नियम केला : ओलावा १७ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण वजन धरायचे, त्याहून जास्त असला तर वाढीव प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो वजा करायचे. नियम सरळ दिसतो. एक शेतकरी ४० क्विंटल धान घेऊन आला. त्याच्या धानाचा ओलावा निघाला १७.२ टक्के. आता किती किलो वजा करायचे?

आज्ञावली लिहिणाऱ्याने प्रमाणाने हिशेब केला असेल, तर ०.२ टक्क्याला क्विंटलमागे ०.२ किलो, म्हणून ४० क्विंटलांना ८ किलो वजा होतील. त्याने 'एक टक्का सुरू झाला की पूर्ण टक्का धरा' असे लिहिले असेल, तर क्विंटलमागे पूर्ण १ किलो, म्हणजे ४० किलो वजा होतील. फरक ३२ किलोंचा. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३०० रुपये, म्हणजे किलोला २३ रुपये होती. त्या भावाने हा फरक ७३६ रुपयांचा होतो. आणि हा एका गाडीचा हिशेब झाला.

दोन्ही रीती प्रामाणिक असू शकतात. मुद्दा असा की, कोणती रीत वापरली आहे हे मिलमालकालाही ठाऊक नसेल, शेतकऱ्याला तर नाहीच. ते फक्त आज्ञावलीतील त्या एका ओळीला ठाऊक असते. पावतीवर छापून येतो तो केवळ निकाल.

वजनकाट्याच्या बाबतीत आपण असे चालू देतो का? नाही. काटा ठराविक काळाने तपासून त्यावर सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो. काट्यावर पडदा टाकून कोणी "माझ्यावर विश्वास ठेवा, ४० क्विंटल भरले" असे म्हणाला, तर गावातील शेंबडे पोरही हसेल. मग काट्यावरील वजनापासून हातात पडणाऱ्या पैशांपर्यंतचा सारा हिशेब जी आज्ञावली करते, तिच्यावर मात्र पडदा का असावा?

नियम बदलतात, आणि चालीसकट बदलतात

दुसरे कारण याहून मोठे आहे. व्यापाराचे नियम स्थिर राहत नाहीत.

तांदळावरील कराचेच पाहा. वस्तू व सेवा कर देशात १ जुलै २०१७ रोजी आला. सुरुवातीला तांदळाच्या पिशवीवर नोंदणी केलेले व्यापारी नाव आहे की नाही, हे मुख्यतः पाहिले जाई. १८ जुलै २०२२ पासून कसोटी बदलली. आधीच बांधून, लेबल लावून विकलेली पिशवी २५ किलोपर्यंतची असेल तर ५ टक्के कर, त्याहून मोठी असेल तर नाही, असे ठरले. एक दिवस आधीपर्यंत आज्ञावली विचारत होती, "नाव कोणते?" दुसऱ्या दिवसापासून तिने विचारायला हवे होते, "वजन किती?" २५ किलोची पिशवी आणि २६ किलोची पिशवी यांच्या पावत्या वेगळ्या झाल्या.

दुसरे उदाहरण आपल्या पूर्व विदर्भाच्या अधिक जवळचे आहे. २०२०-२१ च्या हंगामात राज्य शासनाने धान विकणाऱ्या शेतकऱ्याला आधारभूत किमतीखेरीज क्विंटलमागे ७०० रुपये, ५० क्विंटलांच्या मर्यादेपर्यंत, बोनस दिला होता. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात वेगळीच घोषणा झाली : हेक्टरी १५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत. समजा, एकाची जमीन दीड हेक्टर आहे आणि त्याने २० क्विंटल धान विकले. पहिल्या रीतीने त्याला १४,००० रुपये मिळतात, दुसऱ्या रीतीने २२,५००. शेजाऱ्याने तेवढ्याच जमिनीतील ४० क्विंटल विकले, तर त्याला पहिल्या रीतीने २८,००० रुपये मिळतात आणि दुसऱ्या रीतीने तेच २२,५००.

येथे नुसता आकडा बदललेला नाही, हिशेबाची चालच बदलली आहे. ७०० च्या जागी ८०० झाले असते, तर दिवाणजींनी एका चौकटीत नवा आकडा भरला असता आणि काम झाले असते. पण जी आज्ञावली केवळ वजन नोंदवते, तिच्यात 'हेक्टर' नावाचा रकानाच नसेल तर काय करायचे? तो रकाना जोडायचा, त्यावर नवा गुणाकार बसवायचा, नवी मर्यादा घालायची, म्हणजे आज्ञावली आतून उघडावी लागणार. ती ज्याच्याजवळ धानाच्या रूपात आहे, त्यालाच हे जमेल. ज्याच्याजवळ तांदूळ आहे, त्याने विक्रेत्याला पत्र पाठवायचे आणि वाट पाहायची. आणि विक्रेत्याने तो धंदाच बंद केला असेल, तर पत्र तरी कोणाला पाठवायचे?

कुलपाचे तीन प्रकार

आज्ञावली निवडताना सामान्यतः तीन प्रकार समोर येतात.

पहिला प्रकार पूर्ण बंद. जशी मिळाली तशी वापरायची. किराणा दुकानासारख्या ठरीव व्यवहाराला ती पुष्कळदा पुरते.

दुसरा प्रकार बंद, पण जुळवून घेता येणारा. बंगळूरच्या कंपनीची टॅली ही आज्ञावली आपल्याकडील व्यापारी पेठेत घरोघरी माहीत आहे. तिची मूळ आज्ञावली खुली नाही, पण टीडीएल नावाच्या एका खास भाषेत लिहून तिच्यात नवे रकाने व नवे तक्ते जोडता येतात. भाड्याच्या घरासारखे हे असते : फळ्या ठोका, पडदे लावा, पण भिंत पाडता येणार नाही. बऱ्याच जणांचे काम एवढ्यावर उत्तम भागते.

तिसरा प्रकार खुला. येथे मूळ आज्ञावली हाती येते आणि ती वाचण्याचा, बदलण्याचा व इतरांना देण्याचा हक्कही लेखी परवान्याने मिळतो. येथे एक सावधगिरी सांगतो. मूळ आज्ञावली नुसती दाखवणे वेगळे आणि ती बदलण्याचा हक्क देणे वेगळे. काही विक्रेते ती पाहू देतात, पण बदलू देत नाहीत. काही बदलू देतात, पण बदललेली प्रत दुसऱ्या मिलला देऊ देत नाहीत. परवाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय 'खुली' या शब्दावर भुलू नये.

या खुल्या प्रकारामागे एक गमतीदार हकिकत आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे एक नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडके. जुन्या यंत्राची मूळ आज्ञावली प्रयोगशाळेजवळ होती, म्हणून तेथील रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने कागद अडकताच सर्वांना संदेश जाईल अशी सोय तिच्यात केली होती. नव्या यंत्रातही तो तेच करणार होता, पण मूळ आज्ञावली त्याला मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकाजवळ ती होती. त्याने "गुप्ततेचे वचन दिले आहे" असे सांगून नकार दिला. अडकलेला कागद तसाच राहिला, पण स्टॉलमनच्या मनात विचार पक्का झाला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. त्याचे सार असे : ही आज्ञावली वापरा, बदला, वाटा, पण वाटताना मूळ आज्ञावलीही द्या आणि तुम्हाला मिळाले तेच हक्क पुढच्यालाही द्या.

आणि हे सारे परदेशातच घडते असे समजू नका. मुंबईच्या ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायासाठी अशी प्रणाली बसवण्याच्या अनुभवातून २००८ साली स्वतःच एक प्रणाली रचण्यास सुरुवात केली. तीच पुढे 'ईआरपीनेक्स्ट' या नावाने जीपीएल परवान्याखाली जगासमोर खुली झाली. खरेदी, विक्री, गोदाम, उत्पादन, पगार, जमाखर्च असे सारे विभाग तिच्यात आहेत. तिची मूळ आज्ञावली गोंदियाच्या विद्यार्थ्यालाही आज आंतरजालावरून एक पैसा न देता उतरवून घेता येते आणि वाचता येते. केंद्र सरकारनेही २०१५ साली आपल्या कार्यालयांसाठी मुक्त आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

दादाजींची लोंबी

बियाणे हाती असले म्हणजे काय होते, हे पाहायला दूर जायला नको. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथे दादाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी राहत. १९८३ साली, म्हणजे ज्या वर्षी स्टॉलमनने आपला प्रकल्प जाहीर केला त्याच वर्षी, 'पटेल-३' या वाणाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या. वर्षानुवर्षे निवड करून त्यांनी बारीक दाण्याचा नवा वाण सिद्ध केला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून तो 'एचएमटी' म्हणून ओळखला जाऊ लागला. आज आपल्या ताटातील बारीक तांदूळ पुष्कळदा त्याच नावाचा असतो.

दादाजींजवळ प्रयोगशाळा नव्हती. पण त्यांच्याजवळ धान होते, ते पेरण्याचा हक्क होता आणि पारखी नजर होती. तांदळाची पोती कितीही असती, तरी त्यांतून एचएमटी निघाला नसता.

या कथेची एक दुखरी बाजूही सांगायला हवी. आपल्या श्रमाचे श्रेय आणि मोबदला मिळाला नाही, अशी दादाजींची खंत होती. २०१८ साली ते वारले. वाटून घेणे चांगलेच, पण ज्याने निर्माण केले त्याचे नाव पुसले जाऊ नये. म्हणूनच खुल्या आज्ञावलीचे परवाने मूळ लेखकाचे नाव कायम ठेवायला सांगतात. खुले म्हणजे बेवारशी नव्हे.

दुसरी बाजू

येथवर वाचून कोणी म्हणेल, "मग प्रत्येकाने खुलीच आज्ञावली घ्यावी!" माझे मत तसे नाही. तिच्याविरुद्धचे आक्षेप खरे आहेत आणि ते मांडल्याशिवाय मत देणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप पैशांचा. खुली आज्ञावली उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत, पण ती बसवणे, जुन्या वह्यांतील नोंदी तिच्यात भरणे, दिवाणजींना शिकवणे, रोज प्रत काढून ठेवणे, यांना खर्च येतो. फुकट बियाणे मिळाले म्हणून नांगरणी, रोवणी आणि निंदण फुकट होत नाही.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. विकत घेतलेली आज्ञावली बिघडली तर कोणाला बोलवायचे हे ठाऊक असते. खुल्या आज्ञावलीला असा धनी शोधावा लागतो. मात्र येथे एक फायदाही आहे. एकाचे काम पसंत पडले नाही, तर दुसऱ्या जाणकाराला बोलावता येते, कारण मूळ आज्ञावली दोघांनाही सारखीच वाचता येते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत महत्त्वाचा. बदल करता येतो म्हणून बदल करत सुटणे धोक्याचे असते. मूळ आज्ञावलीच्या नव्या, सुधारलेल्या आवृत्त्या येत राहतात. तुम्ही आपल्या प्रतीत जागोजागी कापाकाप केली असेल, तर नवी आवृत्ती तिच्यावर बसत नाही. मग सुधारणा तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत, सुरक्षेतील छिद्रे बुजवली जात नाहीत आणि चार वर्षांनी तुमची आज्ञावली एकटी पडते. म्हणून शहाणा माणूस आधी चौकटीत आकडा बदलून भागते का ते पाहतो. मग वेगळी पुरवणी जोडून भागते का ते पाहतो. आणि अगदी अडलेच तरच मूळ ओळीला हात घालतो. तो बदल सर्वांच्या उपयोगाचा असेल तर मूळ कर्त्यांकडे पाठवतो, म्हणजे पुढच्या आवृत्तीत तो आपोआप येतो.

आणखी एक गैरसमज दूर करतो. मूळ आज्ञावली खुली असणे म्हणजे मिलचा हिशेब खुला असणे नव्हे. कुलूप कसे बनवतात हे सर्वांना ठाऊक असले, तरी तुमच्या कुलपाची किल्ली तुमच्याच खिशात असते. ज्याने आज्ञावली फक्त स्वतःच्या मिलपुरती बदलली, त्याच्यावर ते बदल जाहीर करण्याचे बंधनही जीपीएल परवाना घालत नाही.

मग निवडावे कसे?

माझे मत थोडक्यात असे. ज्या हिशेबावर दुसऱ्याच्या कष्टाचे मोल ठरते आणि ज्याचे नियम वरचेवर बदलतात, त्या हिशेबाची मूळ आज्ञावली वापरणाऱ्याच्या हाती असावी. धान खरेदी करणारी संस्था, राईस मिल, दूध डेअरी, तेंदूपाने गोळा करणारी संस्था यांना हे लागू आहे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मात्र यासाठी डोके शिणवायचे कारण नाही. त्याने साधी, स्वस्त, सर्वांना माहीत असलेली आज्ञावली खुशाल घ्यावी.

आज्ञावली निवडणाऱ्याने विक्रेत्याला पाच प्रश्न विचारावेत. मूळ आज्ञावली मिळेल का? ती बदलण्याचा हक्क लेखी मिळेल का? बदल करू शकणारा माणूस गोंदियात, निदान नागपुरात, मिळेल का? माझ्या नोंदी कोणत्याही दिवशी, दुसऱ्या आज्ञावलीत नेता येतील अशा रूपात, मला बाहेर काढता येतील का? आणि तुमची कंपनी उद्या बंद झाली तर माझे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असले, तरी एक वेळ चालेल. चौथ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर मात्र हात जोडून बाहेर पडावे. आपलेच धान दुसऱ्याच्या कोठारात ठेवून किल्ली त्याच्याकडे देणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.

पाचपैकी तिसरा प्रश्न तुमच्यासाठी आहे, मित्रांनो. मूळ आज्ञावली हाती असली आणि ती वाचणारे कोणी नसले, तर ते बियाणे पोत्यातच किडेल. आमगाव, तिरोडा, देवरी, अर्जुनी मोरगाव येथील मिलची आज्ञावली दुरुस्त करायला हैदराबादहून माणूस का यावा? ज्या मुलाने घरच्या बांधीत रोवणी पाहिली आहे, ज्याला कनकी आणि कोंडा यांतील फरक सांगावा लागत नाही, ज्याला हेक्टर आणि एकर दोन्ही कळतात, तो हे काम कितीतरी चांगले करील. पावतीवर इंग्रजीऐवजी मराठी शब्द छापून आणणे ही तर खुल्या आज्ञावलीत पहिल्याच महिन्यात करता येण्याजोगी गोष्ट आहे. तेवढे झाले, तरी आपले वजन का कापले गेले हे तुमच्या आजोबांना कोणाला न विचारता वाचता येईल.

सुरुवात करायला संगणकही लागत नाही. वही घ्या. वर सांगितलेला ओलाव्याचा नियम अशा सुटसुटीत पायऱ्यांत लिहा की, अजिबात विचार न करणारा माणूसही तो बिनचूक पाळील. मग १६.९, १७, १७.१ आणि १७.९ हे आकडे घालून तुमच्या पायऱ्या तपासा. बरोबर १७ ला काय होते, ते विशेष लक्ष देऊन पाहा. पुष्कळ चुका नेमक्या सीमेवरच्या आकड्याशी लपलेल्या असतात. मग ती वही शेजारच्या मित्राला द्या आणि त्याच्याकडून तुमच्या चुका काढून घ्या. तुम्ही लिहिलेली ही तुमची पहिली मूळ आज्ञावली. मित्राला वाचता आली म्हणूनच त्याला तिच्यातील चूक सापडली, हे विसरू नका.

आणि ती ओल्या फडक्याखालची वाटी फेकून देऊ नका. कोंब फुटलेले धान परसात लावून टाका.